दोन मुठी लाल माती

ओक्लाहोमातल्या त्या छोट्या गावात फ्रिज विकणारं दुकान एकच, आणि लॉरेटा हॅस्किन फेब्रुवारीपासून त्या दुकानदाराच्या मागे हात धुऊन लागली होती. "फ्रिज कुणालाही विक, खोका माझा." मार्च उजाडेपर्यंत तिच्याकडे चार खोके जमले. ते उलगडून तिने मैदानाच्या गवतावर पसरले आणि मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला बूट काढायला सांगितले.

"सॉक्सवर पळायचं आणि खोक्यावर घसरायचं. एक पाय दुमडून बुडाखाली, दुसरा सरळ बेसकडे. हनुवटी छातीशी. आणि हात?"

"वर!" अकरा-बारा वर्षांच्या तेरा पोरी एकदम ओरडल्या.

"वर म्हणता आणि जमिनीला टेकवता. हात टेकला की मनगट गेलंच म्हणून समजा. चला, दोन्ही मुठींत माती घ्या. घसरून उठल्यावर ती मुठीतच दिसली पाहिजे. सांडली तर पुन्हा रांगेत."

हे सगळं तिला गेल्या वर्षीच सुचायला हवं होतं. वीस वर्षं पोरींना खेळवणारी ही बाई, पण बेसवर घसरत पोचायला कधी नीट बसवून शिकवलं नव्हतं. खेळता खेळता येतं, असं धरून चालली होती. गेल्या जूनमध्ये जोलीन टॅकेटचा वेग बघून ती हुरळून गेली आणि भर सामन्यात तिला दुसरा बेस चोरायची, म्हणजे चेंडू टोलवला जायची वाट न बघता पळून तो गाठायची, खूण केली. जोलीन सुसाट गेली, आयत्या वेळी कशीतरी आडवी झाली, हात खाली टेकला आणि मनगट दोन ठिकाणी मोडलं. जोलीनचा बाप ड्वेन भांडला असता तर लॉरेटाला बरं वाटलं असतं. तो फक्त एवढंच म्हणाला, "मिस लॉरेटा, तिला हे शिकवलंच नव्हतं ना तुम्ही?"

या वर्षी त्याने पोरीला पाठवली ती एका अटीवर. पुन्हा काही मोडलं, तर सॉफ्टबॉल बंद. लॉरेटाला हे पुरेपूर पटलं होतं, आणि रात्री झोप लागत नव्हती.

जोलीन मात्र खोक्यापर्यंत वाऱ्यासारखी यायची आणि कडेला येऊन थबकायची.

"अगं, खोका चावत नाही!" ब्रिस्टल नावाची भोचक पोरगी मागून म्हणाली.

"तू गप गं. तुझी माती अर्ध्या वाटेतच सांडते," लॉरेटाने तिला झापलं.

दुसऱ्या आठवड्यात तिने लांबलचक प्लास्टिक अंथरलं, त्यावर पाणी आणि भांडी घासायचा साबण ओतला. जोलीन पुन्हा कडेला थबकली. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या लॉरेटाने टोपी काढली, दोन मुठी माती घेतली आणि आपल्या भरभक्कम देहानिशी धावत सुटली. घसरली ती प्लास्टिक संपवून थेट पाण्याच्या बादलीवर. पोरी हसून हसून गवतावर लोळल्या. बादलीशेजारी चिंब भिजलेल्या लॉरेटाने दोन्ही मुठी उघडून दाखवल्या. माती कोरडी होती.

"कोच, तुम्हाला भीती नाही वाटली?" जोलीनने जवळ येऊन विचारलं.

"वाटली की! पण एकदा ठरवलं की वाटेत बदलायचं नाही. घसरू की नको, घसरू की नको करत गेलं की पाय अडकतो. मोडतं ते तिथंच."

त्या दिवशी जोलीन आधी बसून घसरली, मग चालत येऊन, मग धावत. एप्रिल संपेपर्यंत तिच्या मुठीतली माती सांडेनाशी झाली. पण ते खोक्यावर आणि साबणावर. खऱ्या सामन्यात ती बेसवर उभीच पोचायची, नाहीतर मागेच राहायची. लॉरेटाने तिला एकदाही खूण केली नाही. ती खूण आता पोरीची पोरीनेच करायची होती.

मेमधल्या एका शनिवारी शेजारच्या गावाविरुद्ध सामना होता. शेवटचा डाव, दोन बाद, तिसरी बाद झाली की खेळ संपला, बरोबरीला एक धाव कमी, आणि तिसऱ्या बेसवर जोलीन. तारेच्या कुंपणाला दोन्ही हातांनी धरून ड्वेन उभा होता. शेजारी ठेवलेल्या त्याच्या थंड चहातला बर्फ कधीच विरघळला होता.

लॉरेटा बेसशेजारी आली. "नाही गेलीस तरी चालेल हं."

 जोलीन वाकली आणि तिने दोन्ही मुठींत लाल माती घेतली. 

पुढचा चेंडू कॅचरच्या हाताखालून निसटून मागे गेला. "जा" म्हणायचं काम लॉरेटाचं. पण ते तिने म्हटलंच नाही. तोवर जोलीन निघालीसुद्धा होती. कॅचरने चेंडू फेकला, चेंडू टाकणारी पिचर तो झेलायला होमवर, म्हणजे धाव पुरी होते त्या बेसवर, धावत आली, आणि जोलीन खाली बसली. पाय दुमडलेला, हनुवटी छातीशी, दोन्ही मुठी आभाळाकडे. मग नुसती धूळ.

"आउट!" अंपायर ओरडला.

सामना संपला. समोरच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. लॉरेटा दुखऱ्या गुडघ्यांनी धावत होमपाशी पोचली, तेव्हा जोलीन तशीच मुठी वर करून पडलेली होती.

"मनगट हलव. दोन्ही. आता पाय."

सगळं हललं. जोलीन उठून बसली. "कोच, थोडीपण नाही सांडली."

आणि लॉरेटा किंचाळली. असं किंचाळली की जिंकलेल्या संघाने नाचणं थांबवून वळून पाहिलं. पाठोपाठ बारा पोरी धावत आल्या, आणि सगळ्यांत मोठा आवाज ब्रिस्टलचा होता.

ड्वेन फाटक उघडून आत आला. त्याने पोरीचं मनगट हातात घेऊन हळूच फिरवून पाहिलं.

"मिस लॉरेटा, आउट होती ना ती?"

"चांगली वीतभर लांब होती. वादच नाही."

"मग एवढ्या कशाला ओरडताय?"

"अरे, घसरली ना माझी पोरगी!" लॉरेटाने बाहीने डोळे पुसले, तोंडभर माती फासली गेली. "कशी घसरली पाहिलंस का तू!"

"हात पुढे करा ना, डॅडी," जोलीन म्हणाली आणि तिने दोन्ही मुठी त्याच्या ओंजळीत रिकाम्या केल्या. ड्वेन त्या मातीकडे बघत राहिला. ती कुठे टाकावी हे त्याला कळेना. शेवटी त्याने ती शर्टाच्या खिशात ओतली आणि वरून बटण लावलं.

"सोमवारचा सराव कितीला आहे?" त्याने विचारलं.