रुसलेल्या मुलीचं चित्र

चित्रात एक मुलगी होती. गाल फुगलेले, हाताची घडी, आईकडे पाठ. तिला काय वाटतंय, असं मानसशास्त्रज्ञ फ्राऊ क्लाइननी विचारलं आणि माझी सहा वर्षांची तनया जर्मनमध्ये म्हणाली, "ती वाट बघतेय."

"कशाची?"

"आई येण्याची."

"मग आईनं काय करावं?"

"गुदगुल्या."

बाईंनी दोन्ही उत्तरांना शून्य दिलं.

तनयाला सप्टेंबरात इंगोलश्टाटच्या शाळेत पहिलीत घ्यायचं की आणखी एक वर्ष किंडरगार्टनमध्येच ठेवायचं, हे या चाचणीवर ठरणार होतं. पोरगी घडाघडा वाचत होती. पण तिची 'भावनिक बुद्धिमत्ता' कमी पडते असा किंडरगार्टनच्या शिक्षिकेला संशय. २००६ साली या दोन शब्दांची भलतीच चलती होती. मी पुण्यात मानसशास्त्रात एम. ए. केलंय, त्याचं मात्र इथं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

"बरोबर उत्तर काय?" मी विचारलं.

"राग. आणि शांत होईपर्यंत आईनं तिला एकटं सोडावं."

"हे ठरवलं कुणी?"

"आल्झो, म्हणजे बघा, आम्ही इथल्या पुष्कळ पालकांना ही चित्रं दाखवली. बहुतेकांनी जे सांगितलं, ते बरोबर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावनांची समज मोजायची कशी, यावर आमच्या शास्त्रात अजून भांडणं चालू आहेत. कुणी माणसालाच स्वतःबद्दल विचारतात, कुणी तज्ज्ञांना विचारतात, कुणी असा बहुमताचा कौल घेतात. बहुमतानं नगराध्यक्ष निवडा की खुशाल. पोरीच्या मनात काय आहे, ते मतदानानं कसं ठरणार? आणि मतदार सगळे इथलेच.

"ती रागावलेली नाही, रुसलीये," मी म्हणाले. तो शब्द तोंडातून मराठीतच बाहेर पडला. मग जर्मनमध्ये फोड करून सांगितलं, "राग कुणाचाही येतो. रुसायचं फक्त आपल्या माणसावर. तो समजूत काढायला येणार याची खात्री असते म्हणून. परक्यावर कोण रुसतं?"

"म्हणजे श्मोलेन," बाई म्हणाल्या. "तोही रागच. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नसतं, नाहीतर मूल लाडावतं."

शेजारी बसलेला माझा नवरा जयंत कुजबुजला, "अगं, जाऊ दे ना. इथली सिस्टिम गेनाऊ, अगदी अशीच आहे." हा गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेतो. चाचणी म्हटलं की याची मान आपोआप डोलते.

"ब्रेक आहे का ती?" मी म्हणाले. "मुलगी आहे तुझी. तिचं अख्खं वर्ष वाया घालवतायत ही माणसं, आणि तू मूग गिळून बसलायस."

मग मी बाईंकडे वळले. "एक साधी भावना तुमच्या चाचणीला ओळखता येत नाही आणि नापास कोण, तर माझी मुलगी? लाज नाही वाटत?"

बाईंची मान लालभडक झाली. झोंबलं वाटतं, बरं झालं, असं मला वाटलं. मीही काही थांबणार नव्हते. पण त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "हवं तर पुन्हा विचारते." आणि त्यांनी चित्र तनयापुढे सरकवलं.

तनयानं माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे, जरा जास्त वेळ. चित्राकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"व्यूटेंड," ती म्हणाली. रागावलेली.

"आणि आईनं काय करावं?"

"एकटं सोडावं."

बाईंनी शून्यं खोडली, पूर्ण गुण दिले आणि पहिलीला हरकत नाही म्हणून सांगितलं. जयंत त्यांचे आभार मानत तिथंच रेंगाळला. मी तनयाचा हात धरून तरातरा जिना उतरले.

"खरं सांग, ती मुलगी तुला रागावलेली वाटली?" मी विचारलं.

"नाइन." नाही. एक पायरी उतरून ती जर्मनमध्येच पुढे म्हणाली, "पण फ्राऊ क्लाइनना रडू येत होतं. तुलापण येत होतं. म्हणून मी म्हटलं."