घरची तोटी तुंबली तेव्हा

तोटीला शेवटी शी झाली, मित्रांनो. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. माझं झाकण सैल आहे, त्यातून ते चुकून सांडलं. आता पहिल्यापासून सांगतो, आणि आपण सगळे काळजीत असल्यासारखे बसू.

मी एक जुना आइस्क्रीमचा डबा आहे. दोन लिटर, व्हॅनिला. व्हॅनिला माझ्यात जेमतेम दोन दिवस टिकलं. नंतरची सहा वर्षं मी लोकांची निराशा करण्याचं काम केलं. फ्रिजमध्ये असताना माझ्यात चिरलेला कोबी असायचा, कपाटात गेलो तेव्हा बटणं. पाहुण्यांची मुलं मोठ्या आशेने झाकण उघडायची आणि जणू मीच सगळं खाल्लं, अशी माझ्याकडे बघायची. पुढे घरातल्या बाबांनी मला कामाच्या पिशवीत घेतलं. बाबा प्लंबर. माझ्यात वॉशर, नट आणि पांढऱ्या टेपची रिळं आली. मग त्यांनी खणांची नवी पेटी घेतली आणि मी बाथरूमच्या फळीवर उपडा पडलो. कुणी ढुंकून बघेना.

तोटी म्हणजे बाबांच्या मुलीची, नऊ वर्षांच्या चिंगीची पाळीव पाल. भिंतीवरची नव्हे. ही पिवळी, ठिपकेवाली, जाड शेपटीची, आणि भिंतीवर चढायचा विचारही न करणारी. काचेच्या पेटीत राहायची. ही जात वाळवंटाकडची, असं चिंगीने पुस्तकातून वाचून दाखवलं, तेव्हा बाबांना उमाळा आला. एका कामावरून उरलेली बारीक वाळू त्यांनी घरी आणली, चाळणीने चाळली आणि पेटीभर पसरली.

"घे," ते तोटीला म्हणाले, "तुझं माहेर आणलं."

तोटी अळीवर झेप घ्यायची तेव्हा अळीबरोबर थोडं माहेरही पोटात जायचं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तिने खाणं सोडलं. पोट फुगून टणक झालं. शी होऊन नऊ दिवस उलटले. रोज सकाळी चिंगी इतक्या जोरात विचारायची, "झाली का गं?", की एकदा जिन्यातून शेजारचे काका म्हणाले, "हो, हो, आत्ताच."

बाबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पेटीतली मात्र गप्पच होती.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. पोटात पांढऱ्या ठिपक्यांचा गोळा दिसत होता. बाबांनी तो उजेडाला धरून पाइपलाइनचा नकाशा बघावा तसा बघितला.

"बेंडला अडकलंय," ते म्हणाले. "जरा प्रेशर दिलं तर?"

"अजिबात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोट दाबायचं नाही, मनाने औषध द्यायचं नाही. वाळू काढा, कागद घाला, उबेत ठेवा. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवा, तेही पोटाला लागेल इतकंच. शुक्रवार संध्याकाळपर्यंत मोकळं झालं नाही तर ऑपरेशन करावं लागेल. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची... खात्री देत नाही मी."

घरी आल्या आल्या बाबांनी पेटीतली सगळी वाळू उपसली आणि कागद पसरला.

"अहो, अख्ख्या वस्तीचे पाइप मोकळे करता," आई म्हणाली, "आणि घरची तोटी तुंबवून ठेवलीत?"

मग तिने त्यांचा चेहरा बघितला आणि पुढचं गिळलं. फळीवरून मला काढलं, गरम पाण्याने खसाखसा घासलं आणि म्हणाली, "हा घ्या. याचा तळ सपाट आहे."

इतक्या वर्षांत माझ्या तळाबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं.

त्या दिवसापासून मी नोकरीवर रुजू झालो. बाबा मनगटावर पाणी बघून माझ्यात ओतायचे आणि तोटीला अलगद ठेवायचे. तिची बोटं माझ्या तळाला टेकायची, इतकी हलकी, की आहेत की नाहीत कळू नये. बाबांचे हात मात्र शिवशिवायचे. आयुष्यभर ठोकून आणि पिळून कामं केलेली. पंधरा मिनिटं नुसतं बसायची त्यांना सवयच नव्हती. गिऱ्हाइकाचा फोन आला, की स्वयंपाकघराचं बेसिन तुंबलंय, तर म्हणाले, "कोमट पाणी घाला आणि शांत बसा. दाबू नका. घाबरतं ते."

गुरुवारी त्यांनी शेवटी कबूल केलं. "चिंगे, वाळू मी घातली."

"माहितेय."

"मग भांडली का नाहीस?"

"तू रोज पाणी आणतोस ना," ती म्हणाली. "मधे वेळच नाही मिळाला."

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी पाचची वेळ ठरली होती. सकाळच्या पाण्यात तोटी डोळे मिटून पडली होती. दहा मिनिटं गेली. बाराव्या मिनिटाला तिने शेपटी जराशी उचलली, सगळं अंग ताणलं, आणि माझ्यातलं पाणी गढूळ झालं. माझ्या तळाशी वाळू बसू लागली. चिंगी हसता हसता रडायला लागली. बाबा तसेच फरशीवर बसून राहिले.

"जोर न लावता," ते म्हणाले. "जोर न लावता झालं गं."

डॉक्टरबाईंनी फोनवर ऑपरेशन रद्द केलं. सोमवारी दाखवायला या म्हणाल्या, आणि आनंदाच्या भरात लगेच खाऊ घालू नका, असंही दोनदा बजावलं.

मित्रांनो, घरात एखादा जीव आणलात, तर त्याला काय मानवेल हे आपल्या मनाने ठरवू नका. जाणकाराला विचारा. त्याला सांगता येत नाही, म्हणून रोज बघा.

यास्तव सर्व संबंधित खात्यांना विनंती करण्यात येते की, सदर शुक्रवार हा दरवर्षी सार्वजनिक सुट्टीचा दिवस म्हणून घोषित करण्यात यावा. त्या दिवशी लहानमोठ्या प्रत्येक जिवास कोमट पाण्यात पंधरा मिनिटे बसण्याची भरपगारी मुभा देण्यात यावी. व त्या अवधीत त्यास कोणत्याही कारणास्तव घाई करण्यात येऊ नये. कळावे.