शेंदराखालची गौरा

मी दगड आहे, मित्रांनो, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. मी वीरगळ आहे. गावासाठी लढताना कुणी पडलं, की त्याच्या आठवणीला कोरून उभा करतात तो दगड. चंदगडच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. त्याच्या वेशीवर, हल्ली जिथं एसटी थांबते तिथं, मी कैक पिढ्या उभा आहे. ऊन, पाऊस, सरपंच, सगळे बघून झालेत.

माझं गाणं मात्र माझ्यापेक्षा थोरलं, चार महिन्यांनी का होईना. त्याचं असं झालं. गौरा नावाची एक सून होती. दुसऱ्यांचं भात कांडून पोट भरायची. एका सकाळी गडीमाणसं जत्रेला गेलेली बघून चोरांनी गावाच्या गाई वळवल्या. गौरा कांडण टाकून उठली आणि हातात होतं तेच मुसळ घेऊन धावली. तिनं दोघांना लोळवलं, गाई माघारी फिरवल्या आणि वेशीतच पडली. दुसऱ्या दिवशी तिची सासू उखळापाशी उभी राहिली. सुनेनं अर्धं टाकलेलं कांडण तिनं पुरं केलं, आणि मुसळाच्या घावाघावाला एकेक शब्द काढत रडली. तेच हे गाणं. डफ आणि तुणतुणं त्याला फार पुढं मिळालं. माझा पाथरवट त्या सासूच्या दारात बसायचा आणि ऐकलं तेवढं माझ्या अंगावर कोरायचा. वर चंद्र-सूर्य, मधे गौरा, खाली गाई. मी देखणा होतो, उगाच नाही कशाला म्हणू?

मग विसर पडला. म्हशींनी अंग घासलं, शेवाळ चढलं. एकदा बैलगाडीचा दणका बसला आणि गौराच्या उचललेल्या हातापाशी माझा टवका उडाला. त्यावर कुणीतरी शेंदराचं बोट लावलं आणि मी म्हसोबा झालो. देव होणं फार सोपं असतं, मित्रांनो. आपण माणूस होतो हे लोक विसरले की झालं! किराणा दुकानवाला बसाप्पा तर दर अमावास्येला यायचा. बायको शांतादेवी बाळंतपणात अडली, तेव्हा बोललेला नवस; ती सुखरूप सुटली. तेल, शेंदूर, नारळ. त्याच्या भक्तीनं माझ्यावर चार बोटं जाड थर चढला. आत माझा जीव गुदमरत होता, पण त्याचा भाव खरा होता, म्हणून मी सोसलं.

एकोणीसशे सत्त्याण्णवचा मे महिना. आकाराम शाहिराची कॅसेट निघायची होती. सोमवारी कोल्हापुरात रेकॉर्डिंग. गौराचं अख्खं गाणं आता एकट्या धोंडुबाईला येत होतं. साठी ओलांडलेली, काटक बाई. आठ दिवस बसून तिनं आकारामला ते शिकवलं होतं. शनिवारी एसटीची वाट बघताना लोकांनी आग्रह केला, तशी आकारामनं डफावर थाप मारली.

"हाक आली गं वेशीवरनं, गाई चालल्या डोंगरानं,
अर्धं कांडण तसंच टाकून, गौरा धावली तलवार घिऊन!"

"थांब!" धोंडुबाई ओरडली. "तलवार कुठनं आणलीस रं?"

"काकू, एकच शबुद बदललाय की," आकाराम म्हणाला. "कॅसेट पार मुंबईपत्तुर जाणार. मुसळ म्हटलं की लोक हसत्यात. वीराच्या हातात तलवार शोभती."

"तलवार वाड्यात असती. आमच्या घरात मुसळ. मी जलमभर लोकांचं भात कांडलंय. गौराच्या हातातलं मुसळ काढलंस, तर ती माझी कोण ऱ्हाती?"

आकाराम जरा वरमला. वाईट माणूस नव्हता तो, फक्त टाळ्यांना भुकेला होता. "पण पुरावा काय हाय काकू? कुणी इचारलं तर म्या काय दाखवू?"

धोंडुबाईनं माझ्याकडं बोट केलं. "माझी सासू सांगायची, ह्यो म्हसोबा न्हवं, गौराचा दगड हाय. शेंदूर उतरवा, आत मुसळ दिसंल."

बसाप्पा दुकानाच्या पायरीवरून तरातरा खाली आला. "शिवशिवा! देवाचं कातडं सोलायला सांगतीस व्हय अक्का? उद्या कुणाची म्हैस आटली तरी गाव तुझ्या नावानं बोंब मारंल."

"मारूदे. पाप लागलं तर मला लागंल. पण एकदा कॅसेट निघाली की तलवारच खरी हुईल, बसाप्पा. माझ्यामागं सांगणारं कोण हाय?"

रविवारी दुपारी ती एकटीच आली. उन्हानं शेंदूर मऊ पडलेला. लाकडी उलथनं आणि काथ्या घेऊन तिनं वरून खरवडायला सुरुवात केली. आधी माझ्यापुढं हात जोडले, मगच. हळूहळू माणसं जमली, पण एकानंही हात लावला नाही. बसाप्पा लांब उभा राहून पुटपुटत होता. शेंदराचे पापुद्रे पडत गेले. चंद्र दिसला, सूर्य दिसला. गौराचं तोंड उघडं झालं तेव्हा धोंडुबाईनं पदरानं ते पुसलं.

आणि मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी जन्मात पहिल्यांदा भ्यालो. कारण पुढं काय आहे ते मला माहीत होतं. उचललेला हात दिसला, त्यातली मूठ दिसली, आणि मुठीच्या वर काही नाही. फुटका टवका!

"हे बघा," आकाराम म्हणाला. "वरचं मोडलंय. तलवारच असंल की!"

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, म्हातारीनं फुकट देव बाटवला. धोंडुबाईचं उलथनं थांबलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, थांबू नको, अजून खाली बघ! पण दगडाला कुठलं तोंड? ती खाली बसली. मला वाटलं, संपलं. पण ती रडायला बसली नव्हती. उलथनं घेऊन तिनं गौराच्या पायापाशी खरवडायला घेतलं. सगळ्यांत जुना, सगळ्यांत चिवट थर. तो निघता निघेना. तिनं नखं लावली. मग एक मोठी खपली सुटली, आणि गौराच्या पायाशी कोरलेलं उखळ उन्हात आलं. चांगलं गोल, मधे खळगा, काठावर भाताचे दाणेसुद्धा. पाथरवटानं जीव ओतला होता त्यात.

धोंडुबाई उठली, कमरेवर हात ठेवले. "आकाराम, तलवारीला उखळ कशाला लागतंय रं?"

आधी एक बाई हसली, मग सगळी वेस हसली. आकारामनं कान धरले. "चुकलं काकू. उद्या तुमी बी चला. ह्यो चरण तुमच्याच आवाजात घेऊ." बसाप्पा मात्र कपाळाला हात लावून उभा. "शिवशिवा! इतकी वर्सं एका बाईला म्हसोबा म्हणून नारळ फोडतोय मी!"

कॅसेट निघाली. मुसळासकट निघाली. कुणीही हसलं नाही आणि गावातली एकही म्हैस आटली नाही.

पुढच्या अमावास्येला बसाप्पा सवयीनं तेलाची वाटी घेऊन आला आणि माझ्यापुढं खुळ्यासारखा उभा राहिला. "अक्का, आता हिला काय वाहू?"

"गाणं म्हण की," धोंडुबाई म्हणाली.

"मला कुठं येतंय?"

"मग शीक!"

धोंडुबाई दोन हजार चारच्या पावसाळ्यात गेली. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. कॅसेटची फीत गुंतली, तुटली, आणि आता गावात टेपही राहिला नाही. मित्रांनो, तुमच्याही वेशीत माझ्यासारखा एखादा दगड असेल. त्याला तेल-शेंदूर नका लावू. त्याच्यावर नावं नका कोरू. तो कुणाचा, ते गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्या आहेत तोवर विचारा.

आमचा बसाप्पा अजून येतो. तांब्याभर पाण्यानं मला धुतो, पायरीवर टेकतो आणि गौराचं गाणं म्हणतो. आवाज फाटका, सूर भलतीकडं, निम्मे शब्द कानडी वळणाचे. पण मुसळ येतं त्या ओळीला तो छाती काढून, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं ओरडतो, आणि एसटीसाठी थांबलेल्या बायका त्याच्याबरोबर ती ओळ म्हणतात.