तीन काठ्यांचा पट्टा

मित्रांनो, कोल्हापूरचे कातडे म्हटले की सगळ्यांना चप्पल आठवते. मीही त्याच कातड्याचा. पण पायात जाणे माझ्या नशिबी नव्हते, मी पाठीवर गेलो. मी एक जुना पट्टा आहे. खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपा बसतो आणि तीन गळकाठ्या एकमेकींत न गुंतू देता नदीपर्यंत नेतो. असा पट्टा तुम्ही पाहिला नसेल. माझ्या मालकांनीही माझ्याआधी पाहिला नव्हता. गरज पडली म्हणून मी जन्मलो.

माझे मालक म्हणजे हंबीरराव. गारगोटीच्या रस्त्याला वेदगंगेच्या काठावर त्यांचे गाव. साखर कारखान्यात त्यांनी आयुष्यभर फिटरचे काम केले, म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. कारखान्यात बाहेरगावचे एक इंजिनीअर साहेब होते. सुट्टीच्या दिवशी ते नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून मासे धरायचे, पण आपल्याकडच्यासारखे गळाला गांडूळ लावून नाही. दोरा आणि कोंबड्याची पिसे गळावर बांधून ते खोटी माशी करायचे, लांब दोरी हवेत मागेपुढे झुलवायचे आणि ती माशी पाण्यावर अलगद ठेवायचे. हंबीररावांना ते इतके आवडले की ते साहेबांचे शिष्यच झाले. बदली झाली तेव्हा साहेब आपल्या दोन काठ्या त्यांना देऊन गेले. तिसरी काठी हंबीरराव निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलाने, अमरसिंहाने, पुण्याहून आणली.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. हंबीररावांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मासा ते खात नाहीत. धरतात, ओल्या हाताने गळ काढतात आणि सोडून देतात. एकदा कीर्तनाला आलेल्या बुवांच्या कानावर हे गेले. बुवा हसून म्हणाले, "सोडायला शिकलात हे बरं झालं मिस्त्री. धरायचं कशाला, तेवढं अजून शिकायचं राहिलंय." हंबीरराव पाया पडले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा नदीवर गेले.

तर मंडळी, अडचण पुढे आली ती हातांची. हंबीररावांचे हात थरथरू लागले. माशी झुडपात अडकून तुटली की नवी बांधावी लागते, आणि तिच्या डोळ्यात, म्हणजे सुईच्या नेढ्याएवढ्या भोकात, दोरा ओवावा लागतो. तो ओवता ओवता एकदा ते शेवाळलेल्या दगडावरून घसरले. नदीवरच्या पाण्याच्या मोटारी सांभाळणारा ज्ञानू जवळच होता. त्याने त्यांना धरून घरी आणले. गुडघा सुजला होता. अमरसिंह दुधाच्या संकलन केंद्रावरून आला, त्याने गुडघा पाहिला आणि आता नदी बंद म्हणून सांगितले.

तेव्हा बोलली ती सून, संयोगिता. "गाठी मी घरात मारून देते की मामंजी. तीन काठ्या, तीन माशा. एक तुटली की दुसरी घ्या. तिन्ही तुटल्या की गप घरला या. पाण्यात उभं राहून दोरा ववायचा न्हाय."

अमरसिंहाने बराच वेळ विचार करून ते मान्य केले, पण एक अट घातली. पुन्हा काही झाले तर काठ्या माळ्यावर जातील, आणि मग कुणी काही बोलायचे नाही.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. एक काठी हातात नेणे सोपे. दोऱ्या ओवलेल्या, माशा बांधलेल्या तीन काठ्या एका हातात नेणे म्हणजे तीन रागावलेल्या जावांना एका बैलगाडीत बसवणे. हंबीरराव काठ्यांचे शेंडे पुढे करून उसाच्या सरीतून निघाले. प्रत्येक पाल्याने दोरी धरली. एक माशी धोतरात, एक टोपीत, तिसरी दुसऱ्या दोरीत. बांधावर बसून गुंता सोडवण्यात सकाळ गेली आणि पाण्याचे तोंड न बघता ते घरी आले.

तेव्हा माझा जन्म झाला. कोल्हापुरातल्या एका अरुंद गल्लीत सरुबाईंच्या घरी चपला होतात. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत मुरलेल्या जाड कातड्यातून त्यांनी मला कापले. आरीने भोके पाडली, मेणलेल्या दोऱ्याने शिवले, काठाला बारीक वादीची वेणी घातली. हंबीररावांनी जमिनीवर खडूने चित्र काढून दाखवले. काठ्या उभ्या राहिल्या पाहिजेत, म्हणजे ऊस खाली राहील आणि दोऱ्या वर. सरुबाई चित्र बघून म्हणाल्या, "दादा, मासं धरायला जाताय का जोतिबाच्या जत्रंत उंच सासनकाठी नाचवायला?" पण काम त्यांनी मनापासून केले. कमरेपाशी तीन खोबण्या, खांद्यापाशी तीन फासे. काठ्यांच्या मुठी खोबणीत बसायच्या, शेंडे आभाळात.

माझी चाकरीची वर्षे सुखाची गेली. संध्याकाळी संयोगिताताई दिव्याखाली बसून गाठी मारत. एका काठीला पाण्यावर तरंगणारी माशी, दुसरीला बुडणारी, तिसरीला बेडकासारखी दिसणारी मोठी, काठच्या गवतात दबून बसणाऱ्या मरळ माशासाठी. प्रत्येक माशी मुठीजवळच्या बारीक कडीत अडकवायची आणि दोरी रिळावर ताणून घ्यायची. तिन्ही काठ्या शेजारी उभ्या, पण कुणी कुणाला शिवत नसे. मी खिडकीजवळच्या खुंटीवर लटकलेलो असे. पलीकडेच देऊळ. एकादशीला कीर्तन असले की सगळे ऐकू येई. पूर्वरंगात बुवा एक प्रश्न असा घट्ट बांधायचे की श्रोते अस्वस्थ व्हायचे, आणि उत्तररंगात तोच असा हलक्या हाताने सोडायचे की लोक न सांगता टाळी वाजवायचे. अशा वेळी ताईंचा हात दोऱ्यावर थांबायचा. गाठ बांधणाराला ती सोडताही आली पाहिजे, एवढे मी तिथे शिकलो.

माझे कौतुकही पुष्कळ झाले. कोल्हापूरहून आलेले पाहुणे मला हातात घेऊन उलटसुलट बघत. ज्ञानू मात्र रोज चेष्टा करायचा. हंबीरराव उसातून बाहेर पडले की मोटारीच्या खोपीतून त्याची हाक यायची, "मिस्त्री, सासनकाठी कुणीकडं निघाली?" हंबीरराव मागे न बघता हात हलवायचे आणि पुढे जायचे. रोज हेच. त्या हाकेला थांबायचे नसते, अशी त्यांच्या पायांना सवयच लागली.

आणि त्या सवयीने एक दिवस घात होत होता.

श्रावणातली सकाळ होती. आदल्या दिवशी वारे सुटले होते, आणि नदीवरच्या मोटारींना वीज नेणारा एक खांब कलला होता. वीज चालू असलेली तार बांधावर खाली लोंबत होती. मित्रांनो, हंबीररावांच्या काठ्या कार्बनच्या आहेत, आणि कार्बनमधून वीज तारेसारखीच धावते. त्यात पावसाने काठ्या, दोऱ्या आणि मी, सगळेच भिजलेलो. हंबीरराव निसरडा बांध बघत, मान खाली घालून चालले होते. वर बघायचे कारणच नव्हते. उंच होत्या त्या काठ्या, आणि त्या उंच धरल्या होत्या मी.

ज्ञानूने हाक मारली. थांबा म्हणाला, पुन्हा थांबा म्हणाला. हंबीररावांनी नेहमीसारखा हात हलवला आणि पुढे पाऊल टाकले. ज्ञानू पळाला, पण चिखलात पळणे ते किती? तेव्हा त्याने बांधाचे एक ओले ढेकूळ उचलले आणि नेम धरून मारले. ते माझ्यावरच बसले. हंबीरराव गरकन वळले. सबंध तालुक्यात त्यांच्यावर कुणी ढेकूळ मारले नव्हते.

"ज्ञान्या, माज आला व्हय रं तुला?"

"शिव्या मागनं द्या," ज्ञानू धापा टाकत म्हणाला. "आधी खाली बसा. वर तार हाय."

हंबीरराव होते तिथे चिखलात बसले. मग त्यांनी वर पाहिले. शेंडा आणि तार यांच्यात एवढेच अंतर उरले होते की मधून एखादे पाखरू गेले असते. ज्ञानूने एकेक काठी आडवी काढून घेतली. नंतर त्याने बिडी पेटवली आणि म्हणाला, "मी कुठं बोलत न्हाय हे. तुम्ही पण बोलू नका. अमरदादा परत सोडायचा न्हाय तुम्हास्नी."

खरेच, हंबीरराव बोलले नसते तर घरात कुणाला कळले नसते. कपड्यांचा चिखल म्हणजे पाय घसरला म्हणून सांगता आले असते. सबंध वाट त्यांचा श्वास मला पाठीवर कळत होता. दुपारी जेवताना त्यांनी सगळे सांगितले. आधी सुनेला म्हणाले, "पोरी, तुझी एक गाठ चुकल्याली न्हाय बरं का. माझीच मान खाली हुती." अमरसिंहाने घास ताटात ठेवला. हात धुतले, शिडी लावली आणि तिन्ही काठ्या माळ्यावर टाकल्या. शेवटी मला टाकले.

माळ्यावरचे दिवस काय सांगू? पाऊस संपेपर्यंत मला बुरशी चढली. थंडीत मी वाळून ताठ झालो, वेणीला भेगा पडल्या. झुरळांनी मेण खाल्ले. खालून कीर्तनाचा आवाज येई, पण टाळ्यांत हंबीररावांची टाळी ओळखू येत नसे. ते देवळात जायचे, मागे खांबाला टेकून बसायचे आणि लवकर परत यायचे. नदीच्या वाटेने तर ते जातच नव्हते.

एक दिवस माळ्यावर उजेड आला. संयोगिताताई शिडीवर होत्या आणि त्यांच्या खांद्यावर हंबीररावांचा टॉवेल होता. धुवायला घेतला तेव्हा त्यांनी बघितले होते, टॉवेलाच्या एकूण एक दशीला गाठ मारलेली होती. ओट्यावर बसून हंबीरराव दिवसभर तेवढेच करत होते.

ताईंनी मला पिशवीत घातले आणि एसटीने कोल्हापूर गाठले. सरुबाईंनी मला वाकवून बघितले आणि तोंडाचा पट्टा सोडला. "कातडं हाय हे बाई, लोखंड न्हवं. तेलाचं बोट तरी लावलासा व्हय कधी?" मग दोघी खाली बसल्या. ताईंनी केरसुणी कमरेला धरून दाखवली. काठ्या उभ्या नकोत, आडव्या हव्यात. मुठी पुढे, शेंडे मागे, आणि शेंडा कमरेच्या वर जाता कामा नये. सरुबाईंनी माझे खांद्याचे फासे उसवले. आरी पुन्हा माझ्या अंगात शिरली. दुखले, पण माळ्यापेक्षा ते बरे होते. नवे फासे कमरेच्या मागे बसले. घरी येऊन ताईंनी जुन्या लुगड्याची लांब पिशवी शिवली, देवळातल्या वीणेला गवसणी असते तशी. शेंडे, दोऱ्या, माशा सगळे तिच्यात झाकले की पाल्याला धरायला काही उरत नव्हते.

अमरसिंहाने रात्री हे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "तार ओढून घेतलीय. पण उद्या दुसरी लोंबंल. मला झोप लागत न्हाय गं, त्या दिवसापासनं."

ताई म्हणाल्या, "मग तुम्हीच बांधा आणि जावा एकदा नदीपत्तुर. भ्या वाटलं तर परत माळ्यावर टाका. मी न्हाय बोलणार."

रविवारी दूध घालून झाल्यावर अमरसिंहाने मला अंगावर चढवले. त्याची पाठ रुंद, मला ताण पडला. बापाची रोजची वाट तो पहिल्यांदाच चालत होता. उसाचा पाला त्याच्या गालाला लागला, पण काठ्यांना लागला नाही. आपण वाट फोडत पुढे जातो आणि त्या वाटेने काठ्या मुकाट मागून येतात, हे त्याला हळूहळू कळले. तारेखाली तो उभा राहिला. वर बघितले, मान वळवून मागे बघितले. शेंडे गुडघ्याच्या उंचीवर होते. तरी तो तिथून पुढे गेला, परत मागे आला आणि पुन्हा पुढे गेला. खोपीतून ज्ञानू बघत होता. त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही. पुढे नदी होती. अमरसिंह दगडावर बसला. त्याने काठी काढली नाही की दोरी सोडली नाही. नुसते पाणी बघत बसला, आपला बाप इथे काय बघतो ते.

घरी आल्यावर त्याने मला काढले आणि ओट्यावर बसलेल्या हंबीररावांच्या मांडीवर ठेवले. "आबा, बक्कल मी माझ्या मापाला ढिलं केलंय. तुमचं तुम्ही बघून घ्या."

हंबीररावांनी बक्कल आवळायचा प्रयत्न केला. हात थरथरत होते. अमरसिंह त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि त्याने ते लावून दिले.

आता मी पुन्हा कामावर आहे. मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. कातड्याच्या वस्तूला अधूनमधून तेल लावा, उन्हात नको, सावलीत वाळवा. लांब काठी घेऊन कुठेही निघालात तर आधी वर बघा आणि ती आडवी धरा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची एखादी आवडती वस्तू भीतीपोटी माळ्यावर टाकायची वेळ आली, तर त्याआधी ती वस्तू एकदा आपल्या अंगावर घालून त्यांच्या वाटेने चालून या. आमच्या घरात धोका होता, खरा होता. पण तो माझ्या शिलाईत होता, आणि शिलाई उसवून पुन्हा घालता येते.