दांडा कुणी उचलला?

मित्रांनो, कानांवरचे हात काढा! मी एक जुना भोंगा आहे खरा, पण आज होता होईल तेवढे हळू बोलणार आहे. म्हणजे पलीकडच्या गल्लीपर्यंतच ऐकू जाईल. काय करू, जित्याची खोड!

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा फिरत्या साच्यावर दाबून दाबून माझे हे पसरट तोंड तयार झाले. मागे स्क्रू लावून एक युनिट बसवले. त्यात एक नाजूक पडदा असतो, तोच माझा गळा. राखाडी रंगाचा हात मारला, वायर जोडली आणि कारागिराने पहिल्यांदा "हॅलो, हॅलो" म्हटले. समोरच्या झाडावरचे सगळे पक्षी भुर्रकन उडाले! मला वाटले, आता आपल्यासारखे आपणच.

मला एका साऊंडवाल्याने विकत घेतले. सगळे त्याला मामा म्हणत. मामाच्या टेम्पोच्या टपावर बसून मी गाव पालथे घातले. फुटबॉलच्या सामन्यांचे निकाल सांगितले, नळाला पाणी कधी येणार नाही ते सांगितले. एकदा बाजारात हरवलेल्या चिमुरडीचे नाव असे काही पुकारले, की तिची आई एकाच पायात चप्पल घालून धावत आली. त्या दिवशी मामाने मला ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाला, "वाघ आहेस लेका!" तेव्हापासून माझी मान ताठ आहे. तशी ती बोल्टनेही आवळलेली आहे, पण ते असो.

मात्र मला एक दुःख आहे. अख्ख्या गावात सगळ्यांत मोठा आवाज माझा, पण त्यातला एक शब्दही माझा नाही. माइकसमोर जो बोलेल, त्याचेच बोलणे माझ्या तोंडून निघते. एरवी त्याचे काही वाटत नसे. पुलाच्या वेळी मात्र जीव नुसता गुदमरला.

आमच्या गावाच्या मधून मोठा नाला जातो. अलीकडे घरे, पलीकडे शाळा, बाजार आणि दवाखाना. त्यावर नवा पूल झाला, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. गाडी आत शिरू नये म्हणून तोंडाशी एक आडवा दांडा आणि दांड्यापाशी एक राखणदार. शिडशिडीत, कमी बोलणारा माणूस, पण नियमाला असा पक्का, की सख्ख्या मेहुण्यालाही त्याने स्कूटरवरून खाली उतरवले होते.

उद्घाटनाला नगराध्यक्ष बाई आल्या. बाई कामसू, पण त्यांची घाई विचारू नका! चहासुद्धा उभ्यानेच प्यायच्या. उघड्या जीपमध्ये त्या, त्यांचे तेव्हाचे उजवे हात मिशीवाले, दोन-चार कार्यकर्ते आणि बॉनेटवर बांधलेला मी. तोंडाशी उतरून चालत जायचे, असे ठरले होते. पण फुले काय, टाळ्या काय, आरोळ्या काय! त्या भरात जीप थेट दांड्यापर्यंत आली.

राखणदार हात आडवा करून म्हणाला, "बाई, गाडी नको. चालायचा पूल आहे."

"अरे, आजचा दिवस! एकदाच तर जायचंय. उचल दांडा," बाई म्हणाल्या.

त्याने दांडा उचलला. माइक तेव्हा बंद होता. गर्दीला काही ऐकू गेले नाही, पण जीपमधल्यांनी ऐकले आणि मीही ऐकले. जीप पुलाच्या मधोमध गेली, मागून सगळी मिरवणूक शिरली आणि खालून काडकन आवाज झाला! जीपने असा हिसका खाल्ला की माझ्या कडेला पोचा आला. कुणाला लागले नाही हे नशीब. पण पुलाला मोठी भेग पडली आणि तो बंद झाला. दवाखान्यात जायलासुद्धा लांबचा वळसा पडू लागला.

चौकशी झाली. जीपमधल्या एकानेही तोंड उघडले नाही. राखणदाराने दांडा आपणहून उघडला, असे ठरले आणि त्याची नोकरी गेली. तो भेटेल त्याला सांगत होता, पण त्याच्या हातात माइक कोण देणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! 'पूलमोड्या' हेच त्याचे नाव पडले. दुसरीकडेही कुणी त्याला कामावर घेईना. त्याच्या बायकोचे इस्त्रीचे दुकान होते, त्यावर घर चालले.

माझीही रवानगी अडगळीत झाली. पोचा आलेला भोंगा कुणाला हवा? मामाने नवे चकचकीत स्पीकर आणले. माझ्या तोंडात कोळ्याने जाळे विणले आणि मी गप्प पडून राहिलो.

आणि मग निवडणूक आली! नवे स्पीकर आधीच भाड्याने गेलेले, म्हणून मामाने मला झटकून बाहेर काढले. इकडून उभ्या बाई, तिकडून मिशीवाले. दोघांचे मधल्या काळात बिनसले होते. मिशीवाल्यांचा टेम्पो गल्लीगल्लीत विचारायचा, "पूल कुणी मोडला?" बाईंचा प्रचार त्यांचे दीर पाहायचे. सगळे त्यांना भावजीच म्हणत. त्यांनी झकास आवाजात उत्तर रेकॉर्ड करून दिले, "निष्काळजी राखणदाराला घरी बसवणाऱ्या कणखर बाईंनाच मत द्या!" हे वाक्य दिवसभर माझ्या तोंडून निघे आणि मला घशात काटा अडकल्यासारखे होई. इस्त्रीचे दुकान जवळ आले की मामा आवाज हळूच कमी करायचा. तेवढीच माणुसकी.

प्रचाराची शेवटची संध्याकाळ! बंद पुलाजवळची गल्ली इतकी अरुंद, की एका वेळी एकच गाडी जाईल. आमचा टेम्पो इकडून घुसला, आत मामाशेजारी बाई आणि भावजी; तिकडून मिशीवाल्यांचा, आत ते स्वतः. दोघे समोरासमोर आले आणि मागे कुणी घेईना! "पूल कुणी मोडला?" तो भोंगा ओरडला. "निष्काळजी राखणदाराला..." मी ओरडलो. लोक गच्च्यांवर, खिडक्यांत, कठड्यांवर. असा रंग भरला होता की काय सांगू! तेवढ्यात मामाने सवयीने आवाज कमी केला, कारण इस्त्रीचे दुकान तिथेच होते.

राखणदाराची बायको दुकानातून बाहेर आली. "मामा, आवाज बारीक कशाला करताय? मोठा करा की! आमच्याबद्दलच आहे ना? आम्हालाही ऐकू दे."

मामाने मान खाली घातली आणि रेकॉर्डिंग बंदच करून टाकले. समोरचा भोंगाही गप्प झाला. ती तडक बाईंच्या खिडकीशी गेली.

"बाई, मशीनला काय, काहीही बोलतं. तुम्ही एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणा, की माझ्या नवऱ्यानं दांडा आपल्या मनानं उचलला. एवढं म्हणा, मी मुकाट इस्त्रीला लागते. मतसुद्धा तुम्हालाच देते."

भावजींनी घाईघाईने माइक पुढे केला. "म्हणून टाका वहिनी. एका वाक्याचं काम. वेळ संपत आलीय."

बाईंनी माइक हातात घेतला. राखणदार दुकानाच्या दारात उभा होता, हातात कुणाचा तरी अर्धवट घडी घातलेला सदरा. माझ्या पडद्यात धडधड व्हायला लागली. बाईंच्या छातीतली की माझी, देव जाणे! मी आतल्या आत ओरडत होतो, बोला बाई, खरे बोला! पण माझे कोण ऐकणार?

"त्यांनी..." बाई म्हणाल्या आणि अडखळल्या. मग त्या खाली उतरून टेम्पोसमोर उभ्या राहिल्या.

"त्यांनी दांडा आपल्या मनानं उचलला नाही. मी उचलायला लावला. ते नको म्हणत होते. पूल माझ्या घाईनं मोडला आणि नोकरी त्यांची गेली. चौकशीत मी गप्प बसले, कारण मी घाबरले होते. चूक माझी आहे."

भावजींनी कपाळावर हात मारला. तिकडे मिशीवाल्यांचा एक कार्यकर्ता आनंदाने नाचायलाच लागला, "ऐकलंत? पूल कुणी मोडला, कळलं ना!"

तोच वरच्या खिडकीतून एक आजीबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आणि त्या जीपमध्ये बाईंच्या शेजारी मिशा कुणाच्या होत्या रे?"

जो हशा पिकला! नाचणाऱ्या कार्यकर्त्याच्या पायात वायर अडकली आणि त्यांच्या माइकची जोडणीच निघाली. मिशीवाले खाली उतरले. त्यांनी एकदा दारातल्या राखणदाराकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते बाईंना म्हणाले, "जरा तुमचा माइक देता?"

विरोधी उमेदवार माझ्या तोंडून बोलणार! माझा तर विश्वासच बसेना.

"मीही जीपमध्ये होतो," ते म्हणाले. "'थांबू नको, घे पुढे' असं ड्रायव्हरला मीच म्हणालो. मीही चौकशीत गप्प बसलो. आणि वर गावभर विचारत फिरतोय, पूल कुणी मोडला! चूक माझी आहे."

"पण दांडा उचलायला मी सांगितलं," बाई म्हणाल्या.

"अहो, गाडी दांड्यापर्यंत मी आणायला लावली!"

"अध्यक्ष मी होते की तुम्ही?"

आणि माइकची ओढाताण सुरू! मित्रांनो, मते मागताना भांडणारे उमेदवार मी ढिगाने पाहिले, पण 'चूक माझी, चूक माझी' म्हणून भांडणारे आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. शिट्ट्या आणि टाळ्यांनी गल्ली दणाणून गेली. शेवटी राखणदाराची बायको मध्ये पडली.

"भांडू नका. दोघांनाही पोटभर पुरेल एवढी मोठी आहे ती."

माइक सुरूच होता, त्यामुळे हे वाक्य मी थेट नाल्यापलीकडे पोचवले.

बाई राखणदारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला माफ करा. मी निवडून येवो न येवो, तुमची नोकरी तुम्हाला परत मिळेल असं बघते."

तो सदऱ्याची घडी पुरी करत म्हणाला, "आधी माझं नाव परत द्या बाई. नोकरीचं मागून बघू."

मग बाईंनी दोन्ही टेम्पो सोबत घेतले, मामाला पुढे घातले आणि वेळ संपेपर्यंत गल्लीगल्लीत जाऊन तेच सांगितले, "राखणदाराची चूक नव्हती. आमची होती." मिशीवाले शेजारी उभे राहून मान डोलवत होते. माझा गळा त्या संध्याकाळी असा मोकळा झाला, की विचारू नका!

बाई थोडक्यात पडल्या. भावजी अजूनही म्हणतात, "ते एक वाक्य नडलं." बाई त्यांना म्हणतात, "बसा भावजी, चहा घ्या." आता त्या स्वतःही बसून चहा पितात. निवडून आले मिशीवाले. दोघांनीही कचेरीत जाऊन खरे काय ते सांगितले, राखणदार कामावर परतला आणि पुलाची दुरुस्ती झाली. मामाने मला पुलाच्या तोंडाशी राखणदाराच्या चौकीवर बसवले, पोच्यासकट.

पूल पुन्हा सुरू झाला तो दिवस तर विसरूच शकत नाही! तुडुंब गर्दी, टाळ्या, घोषणा आणि नव्या अध्यक्षांची गाडी हळूहळू दांड्याकडे सरकणारी. माझा जीव पुन्हा टांगणीला! तेवढ्यात राखणदाराने माइक उचलला. जन्मात पहिल्यांदा. त्याने फुंकर मारली, घसा खाकरला आणि म्हणाला, "साहेब, उतरा. चालायचा पूल आहे."

गाडी जागच्या जागी थांबली. मिशीवाले निमूट उतरले आणि चालू लागले. गर्दीतून पहिली टाळी वाजली, ती बाईंची.

तर मित्रांनो, तुमच्या गावातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला पावसात झाकून ठेवा, त्याची वायर ओढू नका, त्याच्या पडद्याला जपा. आणि कधी माइक तुमच्या हातात आला आणि चूक तुमची असली, तर फुंकर मारा, घसा खाकरा आणि सांगून टाका. आवाज फुटणार नाही. पण आवाजाची काळजी तुम्ही करू नका, तेवढे माझ्यावर सोडा.