मोठी, मधली, धाकटी

‘ताई, परवा पाठवला तेवढा पुरे. काल मागितलात तसला फोटो मी पाठवणार नाही. रागावू नका.’

ताईंनी हातमोजे नुकतेच काढले होते. दवाखान्याच्या धुलाईघरामागच्या बाकावर डबा उघडा पडला होता आणि पहिला घास हातातच राहिला. त्यांनी कुणाकडे कसलाही फोटो मागितला नव्हता. काल नाही, परवा नाही, जन्मात नाही.

निरोप चष्मेवालीचा होता. चष्म्याच्या दुकानात काम करणारी ही तरुण बाई ताईंनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ओळख सगळी मोबाइलवरच्या बेटांच्या खेळातली. त्या खेळात ज्याचं त्याचं बेट असतं. झाडं लावायची, जहाजं बांधायची, आणि लुटारू चालून आले की सगळ्यांनी मिळून त्यांना पिटाळून लावायचं. अशा मिळून खेळणाऱ्यांचा एक ताफा होता आणि ताई त्याच्या प्रमुख होत्या. धुलाईघरात मुकादम त्यांना ‘ए, तो ढीग उचल’ म्हणायचा. ताफ्यात मात्र बँकेतले साहेबसुद्धा ‘ताई, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी उपसणाऱ्या बाईला ते ऐकून बरं वाटत असेल, तर त्यात तिची काय चूक?

ताईंची बेटं तीन, म्हणजे खातीही तीन. एका घरातल्या सुना असाव्यात तशी त्यांनी त्यांना नावं ठेवली होती: मोठी, मधली, धाकटी. मोठी मानाची, सगळ्यांशी बोलणारी. मधली कोठार सांभाळायची. धाकटी नुसती पहाऱ्याला. एका माणसाने तीन खाती ठेवायला कुणाची हरकत नव्हती, पण एक खातं दोघांनी वापरायला सक्त मनाई होती, आणि ताफ्यात तो नियम ताईंनीच कडक करून ठेवला होता. टायरवाल्याच्या खात्यावरून एकदा शिव्या आल्या. तो बिचारा काकुळतीला आला, ‘ताई, भाचा खेळत होता हो, मी नव्हतो.’ ताईंनी सगळ्यांदेखत लिहिलं, ‘खातं तुझं, तर तोंडही तुझंच,’ आणि त्याला हाकलून दिलं. सगळ्यांनी वाहवा केली. खोटं कशाला बोला, ती वाहवा ताईंना गोडही लागली.

चष्मेवालीच्या निरोपाखाली आणखी एक ओळ होती: ‘धाकटीवर लिहायचा धीर होईना, म्हणून मोठीवर लिहिलं.’

ताईंनी मोठी बंद केली आणि धाकटी उघडली. धाकटीवरचे निरोप त्या कधी बघत नसत. पहारेकरणीला कोण कशाला निरोप धाडील?

पण बोलणं लांबच लांब होतं. चष्मेवालीने सगळं सांगितलं होतं. छातीतली गाठ काढली, घरात कुणाला सांगायची सोय नाही, आरशासमोर उभं राहवत नाही. त्यावर धाकटीचं उत्तर होतं, ‘रडू नकोस गं बाळा, मी आहे ना.’ मग, ‘जखम कशी भरतेय बघू. मी दवाखान्यातलीच आहे, माझ्यापुढे कसली लाज?’ मग एक फोटो आला होता. त्याखाली धाकटीने लिहिलं होतं, ‘असा नाही. पट्टी काढून. दोन्ही दिसतील असा.’ आणि त्याच्याखाली जे होतं ते ताईंनी अर्धंच वाचलं.

घाणीचं ताईंना काही वाटायचं नाही. रक्ताने कडक झालेल्या चादरी, पू, ओकारी, आणखी काय काय त्यांच्या हाताखालून रोज जायचं. नव्या बायका नाकाला रुमाल लावून उभ्या राहत, तेव्हा ताई हसून म्हणायच्या, ‘अगं, आजारी माणसाची घाण ही घाण नसते.’ त्याच ताई आज नाल्याशी गेल्या आणि थुंकल्या. पुन्हा थुंकल्या. तोंड धुतलं, चूळ भरली, तरी जिभेवरचं काही जाईना.

धाकटीचा पासवर्ड जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होता.

ताईंची कामाची पाळी बदलली तेव्हाची गोष्ट. भर दुपारी लुटारू यायचे आणि नेमका तेव्हा ताईंचा फोन मुकादमाच्या कपाटात अडकलेला असायचा; जेवणाच्या सुट्टीपुरता तेवढा हातात मिळायचा. नवरा पाठीच्या दुखण्याने नोकरी सोडून घरीच होता. आधी तो ‘लहान पोरीसारखी काय बेटं-बेटं खेळतेस’ म्हणून नाक मुरडायचा. एक दिवस आपण होऊन म्हणाला, ‘दे ते धाकटीचं, दुपारचा पहारा मी करतो.’ नियम मोडतोय हे ताईंना कळत होतं. पण इतक्या वर्षांत त्याने त्यांच्या एखाद्या गोष्टीत पहिल्यांदाच लक्ष घातलं होतं, आणि त्या हुरळून गेल्या. बायका अशाच फसतात, आणि वर त्याला संसार म्हणतात.

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. ताई आत गेल्या. चादरी वेगळ्या करायचं काम त्यांच्याकडेच होतं: साध्या एका गाड्यात, आणि संसर्गाच्या दुसऱ्या गाड्यात, ज्यावर ‘वेगळं’ अशी पाटी होती. त्यातलं कापड दुसऱ्या कशालाही लागू द्यायचं नसे. दुपारभर त्यांचे हात चालू होते. डोकं मात्र ‘रडू नकोस गं बाळा’ याच्यापाशी अडकलं होतं. ते शब्द त्यांचे होते. फोनवर त्या बोलायच्या तेव्हा तो पलंगावर पडून ऐकत असणार.

घरी आल्या तेव्हा नवरा पाठीला उशी लावून पडला होता. सासूबाई आतल्या खोलीत टीव्हीपुढे होत्या.

“धाकटीवर काय चाललंय?” ताईंनी विचारलं.

त्याने त्यांच्या हातातला फोन बघितला. “अच्छा, ते होय. अगं, नुसता पहारा करून जीव विटतो. जरा गंमत केली.”

“गाठ काढलेल्या पोरीची गंमत?”

“तिनेच सुरू केलं सगळं. मी काय तिच्या दारात गेलो होतो? आणि तिला कुठे माहितेय मी कोण ते. तिच्या लेखी तिने तुलाच दाखवलंय. बाईने बाईला दाखवलं. बिघडलं कुठे?”

हे सगळं तो अगदी साळसूदपणे, पोट खाजवत बोलला. ताई त्या हाताकडे बघत राहिल्या. याच हाताने तो सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे करायचा. त्यांना शिसारी आली, आणि आपण इतकी वर्षं या माणसाशेजारी झोपलो याची त्याहून जास्त आली.

“तिचा फोटो कुठे आहे?”

“पुसला केव्हाच.”

“दाखवा फोन.”

पुसला नव्हता. ताईंनी पुसला, त्याच्या फोनमधून आणि धाकटीवरूनही. तो नुसता कपाळाला आठ्या घालून बघत होता.

“एवढं तोंड वाकडं करायला काय झालं? सांगून टाक, खातं कुणीतरी हॅक केलं म्हणून. सगळे तेच सांगतात. तुझं नावही शाबूत, आणि माझ्यामागेही कटकट नाही.”

आतून सासूबाईंनी हाक मारली, “काय गं, काय हॅक झालं? गॅस बंद केलास ना?”

“केला हो, आई.”

ताई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि त्यांनी मोठी उघडली. ‘माझं धाकटीचं खातं हॅक झालं’ एवढं लिहिलं. वाक्य किती सोपं होतं. एक बटण दाबलं की पुन्हा सगळे ‘ताई, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणार होते. आणि चष्मेवाली आयुष्यभर विचार करत बसली असती की तो फोटो कुठल्या अनोळखी माणसाकडे फिरतोय. ताईंना टायरवाला आठवला. कदाचित खरंच भाचा असेल त्याचा. त्यांनी तेव्हा विचारलंही नव्हतं.

त्यांनी ते वाक्य खोडलं. चष्मेवालीला एकटीला लिहिलं: ‘धाकटीवर मी नव्हते. माझा नवरा होता. पासवर्ड मी दिला होता. फोटो मी स्वतः पुसला. तक्रार करायची असेल तर कर, मी साक्ष देईन.’ मग ताफ्यात लिहिलं: ‘मी माझं खातं दुसऱ्याला दिलं आणि त्यावरून एका माणसाला फार वाईट वागणूक मिळाली. खातं माझं, तर तोंडही माझंच.’ प्रमुखपद त्यांनी बँकेतल्या साहेबांकडे दिलं आणि त्या ताफ्यातून बाहेर पडल्या.

चष्मेवालीचं उत्तर यायला वेळ लागला. आलं ते एवढंच: ‘पहिल्या दिवशी मी गाठीचं सांगितलं आणि तुम्ही रडू नकोस म्हणालात. ते तरी तुम्हीच होतात ना?’

ताई पुन्हा धाकटीवर गेल्या आणि वर वर सरकवत अगदी पहिल्या निरोपापर्यंत पोचल्या. वेळ भर दुपारची, जेवणाची सुट्टी संपल्यानंतरची होती. त्या वेळी त्यांचा फोन कपाटात होता.

‘नाही,’ असं त्यांनी लिहिलं. ते वाचल्याची खूण आली, आणि थोड्याच वेळात चष्मेवालीचं नाव त्यांच्या यादीतून नाहीसं झालं.

ताई उठल्या. कपडे धुवायचे राहिले होते. टोपलीतले सासूबाईंचे आणि स्वतःचे कपडे त्यांनी मशीनमध्ये टाकले. मग त्याचा सदरा हाताला लागला. तो त्यांनी दोन बोटांनी धरून बाहेर काढला, त्यापाठोपाठ त्याचा टॉवेल, पायजमा, आणि सगळं दाराबाहेरच्या फरशीवर ठेवून दिलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. “अगं, ते का बाजूला काढलंस?”

“ते वेगळं आहे, आई,” ताई म्हणाल्या, आणि साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लागल्या.