हजाराच्या आतली चोरी

डॉ. भाग्यश्री थेटे यांच्या नाकावर राग असतो, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. तो तिथे कशामुळे येऊन बसला, ते मात्र त्यांच्या केबिनमध्ये पाय ठेवणाऱ्यालाच कळे. टेबलामागच्या भिंतीवर ना पदव्या होत्या, ना सत्काराचे फोटो. एका साध्या चौकटीत पोलीस ठाण्याचा पिवळा पडलेला दाखला होता आणि त्यावर कुणा हवालदाराच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सोन्याची माळ गहाळ.'

माळ भाग्यश्रीच्या आईची. एकोणीस वर्षांपूर्वी, भरदुपारी, द्वारका चौकात रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या आईच्या गळ्यातून दोघा मोटरसायकलवाल्यांनी ती हिसकली. आई चार पावलं फरफटत गेली, पुढचे दोन दात पडले. ठाण्यातला माणूस म्हणाला, "चोरी लिहिली तर खेटे तुम्हालाच घालावे लागतील, ताई. गहाळ लिहू. दाखला लगेच मिळेल." आईने सही केली. समाजशास्त्राची प्राध्यापक असलेली लेक शेजारी उभी होती आणि तीही गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा राग भाग्यश्रीला अजून पुरत होता.

त्या रागातूनच तिचं आयुष्यभराचं काम उभं राहिलं. पोलिसांच्या वहीत जे येत नाही, ते लोकांच्या दारात जाऊन विचारायचं. दर वर्षी नाशिकमधली आणि आजूबाजूच्या गावांतली चार हजार घरं. दार वाजवायचं, दिलेला चहा प्यायचा आणि विचारायचं: गेल्या बारा महिन्यांत तुमच्याबरोबर काही गुन्हा घडला का? तक्रार केलीत का? नाही केलीत तर का नाही? अशी अठरा वर्षं. लोक म्हणायचे, बाई वेड्या आहेत. पण दिल्लीपासून लोक तिची आकडेवारी मागायचे, कारण एकच प्रश्न, एकाच पद्धतीने, अठरा वर्षं न चुकता विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि यंदा आलेखातली दागिने हिसकावण्याची रेघ चक्क खाली आली होती. पहिल्या वर्षी बावन्न बायका होत्या, यंदा एकोणीस.

हा आकडा घेऊन रविराज नाचत होता. रविराज तिचा जुना विद्यार्थी. तिच्याच हाताखाली त्याने पीएच.डी. केली आणि आता तो शहरातल्या एका सुरक्षा समितीचा सल्लागार होता. मंगळवारी तो निमंत्रणपत्रिका घेऊन केबिनमध्ये आला. शनिवारी गंगापूर रोडवरच्या सभागृहात कार्यक्रम, समितीचे अध्यक्ष यादवसाहेब येणार, मॅडमचा सत्कार होणार.

"आणि मॅडम, तुमच्या आकड्यांवर निर्णयसुद्धा होतोय," तो म्हणाला. "मखमलाबादच्या रस्त्यावर पहाटे गस्तीची गाडी असते ना, ती आता इकडे गंगापूर रोडला आणायची. तिकडे गरजच उरली नाही. साहेब स्टेजवरच शिफारशीवर सही करतील."

भाग्यश्रीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या आकड्यांवर काही करत होतं.

तिची एक सवय होती. दर वर्षी अहवाल बाहेर पडायच्या आधी ती संगणकातून वीस नावं काढायची आणि स्वतः त्या घरी जाऊन पुन्हा तेच प्रश्न विचारायची. सर्वेक्षणाला पाठवलेल्या मुलींनी चहा पिऊन घरबसल्या फॉर्म भरले तर नाहीत ना, एवढंच बघायला. गुरुवारी यादीत शेवटचं नाव उरलं होतं: गोजराबाई पिंगळे, मखमलाबाद. गुन्हा घडला का? नाही.

गोजराबाई ओट्यावर बसून एका हाताने शेवंतीच्या जुड्या बांधत होत्या. दुसरा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता.

"हाताला काय झालं, मावशी?"

"काय व्हयाचं! पडले ना स्कुटीवरून. पहाटंची फुलं घिऊन मार्केटला चालले व्हते सुनंच्या मागं बसून. आले दोघं मागून, मंगळसूत्राला हात घातला न् वढली मला रस्त्यावर." त्यांनी पदर बाजूला केला. मानेवर कानाच्या खालपासून गळ्याच्या खळीपर्यंत काळपट वळ होता. "दोन महिने झाले, अजून जात नाय."

भाग्यश्रीने हातातली संगणकातली यादी पाहिली. 'नाही.' तिचं डोकंच फिरलं. कुणी भरला यांचा फॉर्म? निकिताने. उद्या त्या मुलीला कामावरून काढलं नाही तर नावाची थेटे नाही.

"आमची मुलगी येऊन गेली तेव्हा तिला का नाही सांगितलंत हे?"

"सांगितलं ना! सगळं सांगितलं. लय गुणाची पोरगी, डोळ्यात पाणी आलं तिच्या. मंग तिनं इचारलं, केवढ्याचं व्हतं? म्हन्लं, खोटं व्हतं बाई, दोनशे रुपयाचं, हातगाडीवरचं. तर म्हन्ली, मावशी, मंग ते यात बसत नाय."

भाग्यश्री ओट्याच्या कडेवर टेकली.

"आन खरी गंमत तर पुढंच हाय," गोजराबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात गंमत कुठेच नव्हती. "ते मेले पुढं गेले, हातात धरून बघितलं, न् फिरले मागं. म्या रस्त्यात पडलेली. त्यातल्या एकानं मंगळसूत्र माझ्या तोंडावर फेकलं न् दिली ठिऊन कानाखाली. म्हनं, फशिवती काय, थेरडे? म्हंजी मीच चोर!"

शेजारच्या नवसाबाई कुंपणापाशी येऊन ऐकत होत्या. त्यांनी स्वतःची मान दाखवली. साळूबाईला पण मारलं, त्या म्हणाल्या, तिचा तर कानच फाटला, कानातली फुलं खोटी निघाली म्हणून.

"आता खरं घालतंय कोन? सोनं डब्यात आन डबा धान्याच्या कनगीत," गोजराबाई म्हणाल्या. मग त्यांनी भाग्यश्रीच्या गळ्याकडे रोखून बघितलं. "तुमचं तरी खरं हाय का, बाई?"

भाग्यश्रीचा हात आपोआप पदराकडे गेला. तिचं खरं मंगळसूत्र सहा वर्षांपासून बँकेच्या लॉकरमध्ये होतं. गळ्यात होतं ते खोटं. गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्या या विदुषीने सहा वर्षं रोज सकाळी आरशासमोर उभं राहून खोटे मणी गळ्यात अडकवले होते आणि तरीही खाली येणाऱ्या त्या रेघेचं कारण तिच्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "माझंही खोटंच आहे."

"मंग!" गोजराबाई म्हणाल्या आणि पुन्हा जुडी बांधायला लागल्या.

कॉलेजमध्ये परत येईपर्यंत भाग्यश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. निकिता गठ्ठे लावत होती. सात वर्षं ती सर्वेक्षणाच्या कामावर होती, उन्हातान्हात दारोदार फिरून काळवंडली होती.

"गोजराबाईंचा फॉर्म कुठाय?"

निकिताने न शोधता काढून दिला. तिला जागा पाठ होती. फॉर्मच्या तळाशी 'शेरा' नावाचा एक चौकोन होता. तो संगणकात जात नसे, त्यामुळे कुणी वाचतही नसे. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मंगळसूत्र हिसकले, खोटे. हात मोडला. परत येऊन मारले. किंमत दोनशे, म्हणून नोंद नाही.'

"नोंद नाही? माणसाचा हात मोडतो आणि नोंद नाही? कुठल्या मूर्खाने..."

"नियम आहे, मॅडम," निकिता हळूच म्हणाली. "हजाराच्या आतली वस्तू धरायची नाही. मारहाणीचा प्रश्नसुद्धा चोरी धरली तरच पुढे विचारायचा. तुमचाच नियम आहे."

तिचाच होता. माहितीपुस्तिकेच्या चौथ्या पानावर, अठरा वर्षांपूर्वीच्या तिच्याच अक्षरातून टाइप झालेला. पहिल्या वर्षी लोक देवळाबाहेरून गेलेल्या चपला सांगत बसत, दोरीवरचा टॉवेल सांगत, दुधाची पिशवी सांगत. त्या कचऱ्यात खरे गुन्हे बुडतात म्हणून तिने तो नियम केला होता आणि तेव्हा तो शहाणपणाचाही होता.

"मला सांगायचं नाहीस तू?"

"सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, इथेच. तुम्ही म्हणालात, नियम बदलला तर मागच्या वर्षांशी तुलना कशी करणार? मालिका मोडेल." निकिताचा आवाज चढला. सात वर्षांत पहिल्यांदाच चढला. "म्हणून मी शेऱ्यात लिहायला लागले. दुसऱ्या मुलींनाही लिहायला सांगितलं. वाटलं, कधीतरी वाचाल."

भाग्यश्री खुर्चीत बसली. ओरडायला आता समोर कुणी उरलं नव्हतं. दोघींनी मिळून यंदाचे गठ्ठे सोडले आणि फक्त शेरे वाचले. खोटे मंगळसूत्र, गळ्याला जखम. खोटी पोत, ढकलून दिले. खोटे, शिव्या दिल्या. खोटे, पोटाला मार लागला, पाचवा महिना होता. त्या शेऱ्यापाशी निकिताने फॉर्म पालथा ठेवला आणि तोंड धुवायला गेली. शुक्रवारी दुपारी मोजणी संपली. आलेखात एकोणीस बायका होत्या आणि शेऱ्यात एक्केचाळीस. एकूण साठ. पहिल्या वर्षापेक्षाही आठ जास्त. गुन्हा कमी झालाच नव्हता. फक्त गळ्यातलं सोनं स्वस्त झालं होतं, नि बायकांच्या माना त्याहून स्वस्त.

तिने रविराजला फोन लावून सगळं सांगितलं. तो समजूत घालणाऱ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षी नियम बदलू ना. यंदा तळटीप टाकू."

"तळटीप?"

"म्हणजे, आता स्टेजवर सांगितलंत की रेघ चुकीची आहे, तर लोक म्हणतील, अठरा वर्षांचं सगळंच चुकीचं. तुमचे निबंध, माझी पीएच.डी., सगळं. कशासाठी? चार खोट्या मंगळसूत्रांसाठी?"

"रविराज," ती म्हणाली, "तू आत्ता इथे असतास ना, तर मी तुझ्या कानाखाली ठेवून दिली असती." आणि तिने फोन आपटला.

रात्री ती बराच वेळ जागी होती. रविराज मूर्ख नव्हता. तो म्हणाला तसंच होणार होतं. तिच्यावर जळणारे कमी नव्हते आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना ती स्वतःच्या हाताने त्यांच्या हातात दगड देणार होती. दुसरीकडे होता मखमलाबादचा अंधारा रस्ता, फुलांची गाठोडी मांडीवर घेऊन निघालेल्या बायका आणि एकुलती एक गस्तीची गाडी.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत अधिकाऱ्यांच्या, नगरसेवकांच्या, बिल्डरांच्या बायका रेशमी साड्या नेसून बसल्या होत्या. पडद्यावर ती रेघ डौलात खाली उतरत होती. यादवसाहेबांनी शाल उघडली, तेव्हा भाग्यश्रीने ती हातानेच थांबवली आणि माइक ओढून घेतला. दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती. तिने पिशवीतून चौकट काढून टेबलावर उभी केली.

"हा दाखला माझ्या आईचा. तिचे दात पाडून माळ नेली आणि पोलिसांनी लिहिलं, गहाळ. एकोणीस वर्षं मी हे लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या." तिने पडद्याकडे बोट केलं. "आणि यंदा मी एक्केचाळीस बायकांचं तेच केलं. त्यांचं मंगळसूत्र हजाराच्या आतलं होतं म्हणून मी त्यांना मोजलंच नाही. ही पडद्यावरची रेघ खोटी आहे. ती माझी आहे आणि मी ती मागे घेते."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. रविराजने डोकं धरलं. यादवसाहेब हसून दुसऱ्या माइकमध्ये म्हणाले, "मॅडम जरा भावनिक झाल्यात. शेवटी आकडे बोलतात..."

"भावनिक नाही, चिडलेय मी! आणि आकडाच हवाय ना तुम्हाला? आत्ता देते." ती पहिल्या रांगेकडे वळली. "ज्यांच्या गळ्यात आज खरं सोनं आहे, त्यांनी हात वर करा. माझं खोटं आहे, मी करत नाही."

कुणी हललं नाही. एक हात अर्धा वर गेला. शेजारणीने बघताच तो खाली आला. यादवसाहेबांनी पहिल्या रांगेच्या मधोमध बसलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं. तिच्या गळ्यात चार पदरी मोहनमाळ झगमगत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

पेन यादवसाहेबांच्या हातातच होतं. त्यांनी शिफारशीचा कागद सही न करताच घडी करून खिशात ठेवला आणि चहाची वेळ झाल्याचं जाहीर केलं.

दाराशी रविराजने तिला गाठलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "अठरा वर्षं गेली, मॅडम."

"गेली नाहीत," भाग्यश्री म्हणाली. "मीच गहाळ केली."

सोमवारी सकाळी गोजराबाईंचा फोन आला. पहाटे गस्तीची गाडी होती जागेवर, त्यांनी सांगितलं, पोलीस आत झोपला होता, पण गाडी होती. भाग्यश्रीने पोलिसाला एक सणसणीत शिवी हासडली. मग तिने त्यांचा फॉर्म समोर ओढला, 'नाही' वर काट मारली आणि पेन तयार ठेवून विचारलं, "मावशी, आता पहिल्यापासून सांगा. किंमत सोडून सगळं."